येडशीहून परत

येडशीच्या रानातली लाकडी खोली
दोन रात्रींसाठी घेतली होती मी.
भाडं ऐकून अम्मा म्हणाली, "एवढ्यात गादी भरून झाली असती."
तरी निघताना खोली तिनेच झाडली,
चादरीची घडी घालता घालता काठ उलटा करून पाहिला
आणि नान्नांपुढे धरला.
"पानिपतची," नान्ना म्हणाले.
मग दोघंही हसले, मालकाच्या देखत.

धाराशिव मागे पडलं.
सोयाबीन पिवळं पडायला लागलंय,
मध्येच तुरीचा हिरवा पट्टा, पुन्हा पिवळं.
"काठ बरा साधलाय," नान्ना म्हणतात,
मला की शेताला, कळत नाही.
डिकीत तीन जोड ओले बूट.
नान्नांच्या बुटांत किमतीची चिठ्ठी अजून तशीच,
मी खोडलेली.
गाडीभर चिखलाचा वास, आणि शेंगाचटणीचा.

काल धबधब्यापर्यंत उतरायला पाऊण तास लागला.
शेवाळलेले दगड. अम्मा बसून बसून उतरली.
खाली पुण्याची पोरं एकमेकांवर ओरडत होती:
काय? काय म्हणालास? कुठे उभा राहू?
पाणी कुणाचंच कुणाला ऐकू देत नव्हतं.
मीही ओरडले, "नान्ना, पाय जपा!"
माझं मलाच ऐकू आलं नाही.

आणि ते दोघं,
नान्ना या कडेला, अम्मा पार त्या दगडावर,
निवांत बोलत होते.
आवाज न काढता. ओठ, भुवई,
दोन बोटं, जराशी वर गेलेली हनुवटी.
एकतीस वर्षं एकाच शेडमध्ये,
ते मागावर, ती कांड्या भरायला,
चोवीस मागांच्या खडखडाटात
दोघांनी लग्न ठरवलं, भांडणं केली,
माझं नावही तिथंच ठरलं म्हणतात,
कुणाला ऐकू न जाता.

ते बोलणं मला येत नाही.
शेडच्या दारात उभं राहू दिलं नाही मला.
"पोरगी शिकेल."
शिकले की. तेवढं सोडून.

तुळजापूर. अम्मा काचेतूनच हात जोडते.
घाटाच्या वळणावर खालचं रान एकदम उघडं पडतं,
त्यावर ढगांच्या सावल्या, कुणालाच घाई नसल्यासारख्या.
बघा, मी म्हणते. बघतात.
गाडी नवी आहे, आवाज करत नाही.
नान्नांना ते बिघडल्यासारखं वाटतं.
शांततेत त्यांचा शब्द फार मोठा निघतो,
मग दचकून आत जातो.

"काल काय बोलत होता एवढं?"
"कधी?"
"धबधब्यापाशी."
"काही नाही!" ते ओरडतात.
मग ओशाळून, हळू: "काही नाही."

तामलवाडीचा टोल. उळे.
हिप्परग्याच्या तलावावर ऊन तिरपं झालेलं,
कणसं भाजून घेतो, तिघांत दोन,
अम्माला दातांमुळे नको.
एक बगळा बराच वेळ एका पायावर.
तुळजापूर नाका येतो तेव्हा
दुकानांचे दिवे लागलेले असतात.

अशोक चौकाच्या पुढे नान्ना काच खाली करतात.
गल्लीत कुणाची तरी शेड चालू आहे,
खटाक खट, खटाक खट,
आणि समोर सुताची गाठोडी उतरवणारा टेम्पो,
रस्ता अडवून आडवा.
थांबलो.

आरशात अम्माचे ओठ हलायला लागतात.
माझ्या शेजारी बसलेले नान्ना मान मागे वळवतात,
त्यांचा चेहरा मला दिसत नाही,
फक्त कानामागे राहिलेला हजामतीचा साबण,
सकाळपासूनचा.

अम्माचे ओठ दोनदा मिटले, दोनदा उघडले.
पप्पु.
आमच्यात डाळीला म्हणतात.
रात्रीच्या स्वयंपाकाचं असेल.
नान्नांनी काय उत्तर दिलं कुणास ठाऊक,
अम्मा पदर तोंडाला लावून हसते आहे,
आणि पुढचं काही मला वाचता येत नाही.

टेम्पो कधीच बाजूला झालाय.
मागचे हॉर्न वाजवतायत.
मी अजून गिअर टाकलेला नाही.